सातव्या डावापर्यंत

बानी गावात एलादियो मोंतासचा विषय अजूनही निघतो, पण सुरुवात बहुधा "हात शाबूत राहिला असता तर" अशीच होते. तो समोर बसलेला असला तरी लोक थांबत नाहीत. तोही मान हलवतो आणि कॉफी संपवतो.

सतराव्या वर्षी एका अमेरिकन बेसबॉल क्लबने त्याला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून उचललं, तेव्हा त्याचा चेंडू फलंदाजाला नीट दिसायच्या आत त्याच्यामागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसायचा. कॅचर होता फेर्मिन, त्याच्याच गल्लीतला. दोघांनाही एकाच क्लबने अमेरिकेला नेलं. छोट्या शहरांतल्या छोट्या मैदानांवर खेळत दोघं वर चढू लागले.

विसाव्या वर्षी एलादियोचं कोपर गेलं. शस्त्रक्रिया करून मनगटातला स्नायुबंध तिथे बसवला, त्यात सव्वा वर्ष गेलं. तेविसाव्या वर्षी खांदा. पुन्हा दहा महिने. आई फोनवर विचारायची, "टीव्हीवर कधी दिसणार रे तू?"

"पुढच्या वर्षी, आई."

सव्विसाव्या वर्षी मॅनेजरने त्याला बाजूला घेतलं. "आजच्या सामन्यात नीट टाक. सोमवारी तुला मोठ्या संघात पाठवतोय."

चौथ्या डावात कोपरातून कळ उठली. करंगळी बधिर झाली. फेर्मिन चालत त्याच्याजवळ आला.

"हात दुखतोय का?"

"तुझं तोंड दुखत नाही का बडबडून? जा जागेवर."

फेर्मिन गेला. डाव संपल्यावर संघाच्या डॉक्टरनेही विचारलं. एलादियो हसून म्हणाला, "मस्त आहे." सातव्या डावात त्याने पूर्ण जोर लावला आणि कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला. चेंडू थेट प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळला. तो गुडघ्यावर बसला.

कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर वेग परत आलाच नाही. क्लबने त्याला सोडलं. मग चार हिवाळे तो मायदेशातच खेळला, एखाद्या डावापुरता. लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांमधली कीव त्याला कळायची. एकतिसाव्या वर्षी त्याने बूट काढून ठेवले.

आता तो बायकोच्या, नूरिसच्या, माहेरच्या आंब्याच्या बागेत काम करतो. हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून झाडाखाली बसून फळं निवडतो. रविवारी फेर्मिन येतो, दोघं डॉमिनो खेळतात.

अशाच एका रविवारी, रमचा दुसरा पेला संपवून, फेर्मिन एकदम म्हणाला, "मला चौथ्या डावातच कळलं होतं. तुझा चेंडू हातमोज्यात पडला की होणारा आवाज बदलला होता. मी जाऊन मॅनेजरला सांगायला हवं होतं."

एलादियोने हातातली सोंगटी खाली ठेवली. "मग का नाही सांगितलंस?"

"जन्मभर माझं तोंड बघितलं नसतंस तू."

"नसतंच बघितलं." एलादियोने पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "पण आज हात असता, फेर्मिन."

"हो."

"आणि खोटं तर मीच बोललो. तुला हाकललंही मीच."

फेर्मिनला पुढे खेळवेना. तो उठला आणि नूरिसचा निरोपही न घेता गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी एलादियोने सोंगट्यांची पेटी काखेत मारली आणि फेर्मिनचं दार वाजवलं.