टेम आणि विजयाबाईंची शिट्टी

विजयाबाई हळू चालत. फ्रीगंजमधल्या भावाच्या घरून निघून, रेल्वेचे रूळ ओलांडून जुन्या शहरातल्या मुलींच्या शाळेत पोचायला त्यांना पस्तीस मिनिटं लागत. ती सगळी पस्तीस मिनिटं मान खाली आणि पदर खांद्यावरून लपेटलेला. त्यांच्या बाविसाव्या वर्षी नवरा ग्वाल्हेरला विषमज्वराने गेला आणि त्या उज्जैनला धाकट्या भावाकडे, सुधाकरकडे आल्या. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. शाळेत त्या मराठी आणि गणित शिकवत. घरी भाजी निवडत, भाच्यांचा अभ्यास घेत आणि नऊ वाजता झोपत. त्यांच्याबद्दल कोणाला काही सांगायचं झालं तर 'बाई फार शांत' यापलीकडे सांगण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं.

मग १९४७ च्या दिवाळीनंतर सुधाकर एक कुत्रा घेऊन घरी आला.

सुधाकर एका कापडगिरणीत कारकून होता. तिथला विणकाम खात्याचा स्कॉटिश साहेब चंबूगबाळं आवरून मायदेशी निघाला होता. खुर्च्या विकल्या गेल्या, घोडा विकला गेला, कुत्रा तेवढा उरला. साहेबाने विचारलं, नेशील का? सुधाकरच्या तोंडून 'नाही' हा शब्द आजवर कोणी ऐकला नव्हता, तो साहेबाने तरी का ऐकावा. साहेबाने दोरी त्याच्या हातात दिली, कुत्र्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि मागे न बघता आत निघून गेला.

कुत्रा दीड वर्षाचा, काळापांढरा, लांब केसांचा, एक कान उभा आणि एक अर्ध्यात मोडलेला. त्याच्या देशात ही जात मेंढ्या राखायला पाळतात, एवढं साहेबाने सांगितलं होतं. नाव टॅम. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने ते ऐकलं आणि त्याचं 'टेम' करून टाकलं. माळव्यात वेळेला टेमच म्हणतात. "यो टेम तो कोई के वास्ते रुके नी," असं तो पातेल्यात दूध ओतताना म्हणाला, आणि खरंच, थांबणं हा प्रकार त्या कुत्र्याला ठाऊकच नव्हता.

पहिल्या आठ दिवसांत त्याने एका खाटेची सुतळी उसवली, सुधाकरच्या कचेरीच्या चपलेचा अंगठा खाल्ला आणि शेजारच्या रेल्वे गार्डच्या सात कोंबड्या एकही न चावता, एकही न गमावता, हाकत आणून सुधाकरच्या न्हाणीघरात भरल्या. पोरांशी त्याचा खेळ त्याहून विचित्र होता. अंगणात मुलं जमली की तो लांबून गोल फिरत फिरत त्यांना तुळशीपाशी गोळा करी आणि समोर पोट जमिनीला टेकवून बसे. भुंकत नसे. नुसता बघे. कोणी निसटायला गेलं की वाऱ्यासारखा जाऊन टाचेला हलकेच दात लावी आणि परत जागेवर आणून उभं करी. एकदा घरी आलेल्या चार बायकांना त्याने असंच हळदीकुंकवाच्या ताटासकट कोपऱ्यात दाबून धरलं. सुधाकरची बायको मंगला त्या दिवशी रडली. एकतर आमटीत केस, त्यात ही अब्रू. तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की येत्या रविवारपर्यंत हे जनावर घरातून गेलं पाहिजे.

रविवार यायच्या आधी गुरुवारी शिट्टीची गोष्ट घडली.

स्वातंत्र्य आल्यावर शाळेच्या मोठ्या बाईंनी ठरवलं होतं की आता मुलींनीही कवायत करायची. कवायत घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा ते काम 'नाही' न म्हणणाऱ्या घराण्यातल्या विजयाबाईंकडे आलं आणि सोबत एक पितळी शिट्टी आली. शाळेच्या मैदानात, शिपायांच्या देखत ती तोंडात धरायची त्यांना विलक्षण लाज वाटली. निदान घरी सराव करावा म्हणून त्या दुपारी गच्चीवर गेल्या, दार लावून घेतलं आणि डोळे मिटून एक लांब शिट्टी फुंकली.

खाली अंगणात मंगला किंचाळली. विजयाबाईंनी वाकून पाहिलं तर मंगलाचं लुगडं ओढत असलेला टेम ते सोडून जमिनीवर सपाट पडला होता. हनुवटी फरशीला टेकलेली, कान ताठ, आणि नजर थेट वर, गच्चीकडे. विजयाबाईंनी घाबरून पुन्हा शिट्टी वाजवली, या वेळी दोनदा, आखूड. टेम उठला आणि पावलामागे पाऊल टाकत पुढे सरकू लागला.

कित्येक वर्षांत त्यांच्याकडे असं लक्ष देऊन कोणी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मंगलाला सांगितलं की कुत्र्याचं सगळं मी बघते, तुला त्याचा केससुद्धा दिसणार नाही. हे वचन केसांपुरतं कधीच पाळलं गेलं नाही, बाकीचं मात्र पाळलं गेलं. पहाटे पाचला त्या टेमला घेऊन नदीकडच्या मोकळ्या रानात जाऊ लागल्या. कमरेला एक वही. कोणत्या शिट्टीला कुत्रा काय करतो, हे त्या शाळेतल्या व्याकरणासारखं लिहून काढत. एक लांब, म्हणजे झोप. दोन आखूड, पुढे चल. चढत जाणारी वाजवली की डावीकडून वळसा, उतरणारी वाजवली की उजवीकडून. साहेबाची अख्खी भाषा त्यांनी महिनाभरात उलगडली, आणि ज्या शिट्ट्यांचा अर्थ लागला नाही त्यांना स्वतःचे अर्थ दिले. टेमला ते चाललं.

त्याच्याबरोबर हळू चालून भागेना. आधी पावलं भराभर पडू लागली, मग नेसू घट्ट खोचलं गेलं, आणि पौषात एका सकाळी टेम सशामागे लागला तेव्हा विजयाबाई चक्क धावल्या. धाप लागली, बरगडीत कळ आली, आणि धापा टाकताना त्यांना हसू आलं. कुत्र्याला रोज दमवलं तर तो घरात शहाण्यासारखा झोपतो, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. स्वतःलाही गाढ झोप लागते, हे रात्री कळलं.

बोलणारे बोलू लागलेच. टावर चौकातल्या दुकानांपर्यंत गोष्ट गेली की सुधाकररावांची विधवा बहीण सकाळी कुत्र्यामागे पळते. सुधाकरला कचेरीत कोणीतरी हसत हसत विचारलं. तो घरी येऊन बराच वेळ घुटमळला आणि शेवटी म्हणाला, "अक्का, सगळा मोहल्ला बघतो. जरा सबुरीने घेशील का?"

विजयाबाई टेमच्या शेपटीतली कुसळं काढत होत्या. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं. "सुधा, चौदा वर्षं मी हळू चालले. तेव्हा कोणी येऊन म्हणालं होतं का, की तुमची बहीण छान चालते?"

 सुधाकरने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

भुराजी गाडरी त्यांना भेटला तो त्याच रानात. साठीचा मेंढपाळ, लाल पागोटं, सोबत साठेक मेंढ्या. टेमने आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या मेंढ्या पाहिल्या असाव्यात. तो जागच्या जागी थरथरू लागला. भुराजीला वाटलं, कुत्रा मेंढ्या फाडणार. त्याने काठी उगारली. विजयाबाईंनी घाईने उतरती शिट्टी वाजवली आणि टेम उजवीकडून मोठा वळसा घालून निघाला. पांगलेला कळप दुधावरची साय गोळा व्हावी तसा गोळा झाला, आणि टेमने तो आणून भुराजीच्या पायांशी उभा केला. मग एक लांब शिट्टी. टेम सपाट.

भुराजीने काठी खाली टाकली. "बाईसाब, यो कुत्तो नी हे," तो म्हणाला. "यो तो म्हारी जात को हे."

तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी टेम भुराजीच्या कळपावर कामाला जाऊ लागला. विजयाबाईंनी भुराजीकडून बरंच उचललं. गोचीड कसा मुळासकट काढायचा, करंजाचं तेल कुठे लावायचं, पायात काटा मोडला तर आकड्याचा, म्हणजे रुईचा, चीक कसा लावायचा. वैशाखात माळव्याची हवा भट्टीसारखी तापली आणि टेम जीभ काढून न्हाणीघरात पडून राहू लागला, तेव्हा भुराजीने मेंढ्यांची कात्री आणून त्याचे पोटाखालचे केस कमी केले. पाठीचे राहू दिले, ते ऊन अडवतात म्हणाला. टेम दोन दिवस लाजल्यासारखा खाटेखाली बसून होता. दुपारी विजयाबाई ओलं गोणपाट त्याच्याखाली अंथरत आणि ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी देत. तो ती आधी गोळा करून ताटलीच्या एका बाजूला लावी, मग खाई.

आणखी एक गोष्ट भुराजीने शिकवली, ती म्हणजे दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारणं. विजयाबाईंना ती यायला सहा महिने लागले. आली, पण ती त्यांनी रानाबाहेर कधी मारली नाही. रानात एक विजयाबाई आणि गावात एक, असा त्यांनी हिशोब ठेवला होता. शाळेत कवायत उत्तम चालली होती, ओळी सरळ येत होत्या, पण तिथेही पितळी शिट्टीच.

तोवर देशात पुष्कळ काही होऊन गेलं. उज्जैन ज्यात होतं ते ग्वाल्हेर संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विरघळलं, शाळेवरची पाटी बदलली, पगारपत्रकावरचा शिक्का बदलला.

बावन्न सालच्या श्रावणातली गोष्ट. रात्री वरच्या बाजूला धुवांधार पाऊस झाला आणि सकाळी शिप्रा तपकिरी होऊन फुगली. राम घाटाच्या थोडं वर नदीत एक गवताळ उंचवटा आहे. भुराजी पहाटे तिथे मेंढ्या चरायला सोडून चिलमीसाठी विस्तव आणायला अलीकडे आला, तेवढ्यात पाणी मधल्या दगडी उथळ्यावर चढलं. विजयाबाई पोचल्या तेव्हा उथळ्यावर गुडघाभर पाणी होतं आणि ते वाढत होतं. मेंढ्या उंचवट्याच्या पार टोकाला एकमेकींत तोंड खुपसून उभ्या होत्या. भुराजी पाण्यात उतरू लागला, तेव्हा घाटावरच्या दोघा गुरुजींनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं.

विजयाबाईंनी टेमची दोरी सोडली. तो अर्धा चालत, अर्धा पोहत पलीकडे गेला. त्याला वळसा घालायला सांगायचं म्हणून त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. ती पावसात भिजली होती. आतला मणी फुगून अडकला होता आणि नुसती फुस्स अशी हवा निघाली. हाक मारली ती पाण्याच्या आवाजात बुडाली. टेम उंचवट्याच्या अलीकडच्या टोकाशी उभा राहून मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिला.

घाटावर तोवर माणसं जमली होती. श्रावणी सोमवार होता. पूजेला आलेले, मुंडनाला आलेले, गुरुजी, फुलवाले, शाळेतल्या मुलींच्या आया. विजयाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे टाकला, दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली.

ती शिट्टी नदीपलीकडच्या दत्त आखाड्यापर्यंत ऐकू गेली असं नंतर लोक सांगत. टेम तीरासारखा सुटला. डावीकडून वळसा, झोप, पुढे, झोप. मेंढ्या पाण्याशी येऊन अडल्या. विजयाबाईंनी त्याला पुन्हा पुन्हा पुढे धाडलं, शेवटी त्याने म्होरक्या मेंढीच्या टाचेला दात लावले तेव्हा ती पाण्यात पडली आणि बाकीच्या तिच्यामागे. वीसेक मिनिटं ते चाललं. पाणी छातीला लागलेल्या मेंढ्या काठाला येऊ लागल्या तशी माणसं हात धरून पाण्यात उतरली आणि एकेक ओढून घेऊ लागली. चार मेंढ्या वाहून गेल्या. बाकी सगळ्या आल्या. शेवटी टेम आला, एक पुढचा पाय वर धरून. त्याचा तळवा दगडाने चिरला होता.

विजयाबाई चिखलात बसल्या आणि पदराची किनार फाडून त्याचा पाय बांधू लागल्या.  वर पाहिलं तर समोर शाळेच्या मोठ्या बाई, हातात बेलाची परडी घेऊन. विजयाबाईंना वाटलं, आता नोकरी गेली. मोठ्या बाईंनी परडी खाली ठेवली, फाटलेल्या किनारीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाल्या, "गाठ मी धरते. तुम्ही आवळा."

टेमचा तो पाय पुढे थंडीत दुखे. मंगला त्याला चुलीपाशी बसवून शेक द्यायची, तिळाचं तेल चोळायची आणि चोळताना त्याला शिव्या घालायची. 'केसाळ मेला' हे त्याचं घरातलं नाव तिनेच पाडलं होतं.

छप्पन्न साली राज्यांची फेररचना झाली. मध्य भारत आठ वर्षांत संपला, नवा मध्य प्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली. त्या गडबडीत विजयाबाईंच्या नावाने एक हुकूम आला. भोपाळच्या शिक्षिका प्रशिक्षण शाळेत मुलींच्या कवायतीच्या मुख्य शिक्षिका म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या आणि आजवर एकट्या कुठे राहिल्या नव्हत्या. टेम दहा वर्षांचा झाला होता, कानाने अधू, जिने चढू न शकणारा. भोपाळची मिळालेली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. विजयाबाईंनी नकाराचं पत्र लिहून टपालात टाकायला सुधाकरकडे दिलं.

ते पत्र मंगलाने त्याच्या खिशातून काढून घेतलं आणि विजयाबाईंसमोर येऊन उभी राहिली. "वन्सं, तुम्ही जायचं," ती म्हणाली. "केसाळ मेला माझ्याकडे राहील. तुम्हाला काय वाटलं, इतकी वर्षं मी त्याचे केस वेचते ते काय तुमच्यासाठी?"

विजयाबाई गेल्या. निघताना त्या टेमपाशी बराच वेळ बसल्या. त्याला शिट्टी आता ऐकू येत नव्हती, म्हणून त्यांनी तळहात जमिनीवर टेकवून दाखवला आणि तो शहाण्यासारखा आडवा झाला. रविवारला जोडून सुट्टी आली की त्या गाडीने उज्जैनला येत. मधल्या काळात मंगलाची पत्रं येत. तिला लिहायची सवय नव्हती, पण टेमने आज काय खाल्लं, कोणाला कोपऱ्यात दाबलं, हे ती दोन्ही बाजू भरून लिही.

अठ्ठावन्नच्या फाल्गुनात टेम गेला. मंगलाने लिहिलं की सकाळी तिच्याबरोबर नदीकडे थोडं चालला, भुराजीच्या मुलाच्या मेंढ्या लांबून बघितल्या, घरी येऊन तिच्या पायावर डोकं ठेवून झोपला तो उठला नाही. भुराजीचा मुलगा येऊन त्याला रानात पुरून आला. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, 'वन्सं, पहाटे पाचला अजून जाग येते. उठून बसते. काय करू, सुचत नाही.'

विजयाबाई ते पत्र घेऊन तलावाच्या काठाने खूप लांब चालत गेल्या. परत आल्यावर त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि मंगलाला एका ओळीत उत्तर लिहिलं, 'चप्पल घाल आणि नीघ.'