रिसाल्याची लीद

मोमिनाबादच्या रिसाल्यात माझी नेमणूक झाली तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते. अंबाजोगाईला सरकारी कागदात तेव्हा मोमिनाबाद म्हणत. मुलूख निजामाचा, छावणीत हुकूम गोऱ्या साहेबांचा. रिसाला म्हणजे घोडदळ. मला दुसऱ्या ट्रूपची, म्हणजे तुकडीची, पहिली रांग मिळाली. वीस घोडी. काम लीद उचलण्याचं.

मी बंदूक कधी धरली नाही. तलवार एकदा धरली, गंज घासायला. पण बारा वर्षं बिगुलावर उठले, हुकूम ऐकला, रिपोर्ट दिला आणि चुकले तेव्हा बोलणी खाल्ली. लढाईचं शिपायांनी लिहावं. मला जे माहीत आहे ते मी लिहिते. अक्षरओळख छावणीतल्या शाळेत झाली. बाप तिथं पाणी भरायचा, म्हणून मास्तरांनी दाराशी बसू दिलं. तिसरी झाली आणि लग्न झालं. नवरा त्याच रिसाल्यासाठी माळावर गवत कापायचा. सासू गयाबाई लीद उचलायची. तिची नजर गेली आणि टोपली माझ्याकडे आली.

पहाटे पाचला पहिला बिगुल. घोडी उघड्यावर रांगेत बांधलेली असत, पुढून अगाडीचा दोर, मागून पिछाडीचा. आधी लीद उचलायची. मग मुतानं भिजलेली माती फावड्यानं खरवडून काढायची आणि कोरडी माती टाकायची. उन्हाळ्यात त्या वासानं डोळ्यांतून पाणी येई. पावसाळ्यात टोपली गळायची आणि कानामागून पाठीवर उतरायची. चुंबळ दोन महिन्यांत कुजे. मंगळवारच्या बाजारात माझ्याजवळ कोणी उभं राहत नसे. त्याचं मला वाईट वाटलं नाही. दुकानात पुढं जायला जागा मिळायची.

गयाबाईनं एकच गोष्ट शिकवली. पहिल्या दिवशी मी खाली वाकून भराभरा टोपली भरायला लागले, तर ती काठी टेकत आली आणि तीच काठी माझ्या मनगटावर मारली.

"बघितली का?"

"काय बघायचं?"

"अगं बये, घोडं तोंडानं बोलत न्हाई. जे सांगायचं ते मागून सांगतं. बघितल्याशिवाय उचलायची न्हाई."

म्हणून आमच्या रांगेत रीत पडली. पहाटे प्रत्येक घोड्यामागं ज्याचा त्याचा ढीग राहू द्यायचा. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालत जायचं. कोणाची कोरडी, कोणाची पातळ, कोणाची लेंडी लहान, कोणाच्या लिदीत दाणे तसेच. मग टोपली. सलोत्री, म्हणजे रिसाल्याचा घोड्यांचा डॉक्टर, सकाळी फेरीला येई तेव्हा मला विचारी. मी सांगे, "चौथ्याचे दात बघा, दाणा चावत नाही. अकरावीला जंत." तो लिहून घेई. मला ते काम आवडायचं. हे लोकांना खरं वाटत नाही, पण आवडायचं.

आमच्या रांगेचा दफेदार शेख मेहबूब. उंच, मिशीला तेल लावणारा, तोंडानं फटकळ. बढती मिळून जमादार व्हायची त्याची फार इच्छा होती. एके वर्षी थंडीच्या दिवसांत खबर आली, जनरलसाहेब इन्स्पेक्शनला येणार. बारा दिवस होते. दफेदारानं बैलगाड्या लावून नदीची पांढरी वाळू आणवली आणि सगळ्या रांगेखाली पसरली. दिसायला छान दिसत होतं. दुसऱ्या रांगांचे लोक बघायला आले.

आठव्या दिवशी मला टोपली जड लागली. वीस घोड्यांची लीद रोजची असते, डोक्याला वजन कळतं. मी दफेदाराला सांगितलं.

"दफेदारसाब, लीद जड येतीय."

"मग टोपली लहान घे."

"घोडी गवताबरोबर वाळू खातायत वाटतं."

"तू सलोत्री हाय का? जा, काम कर."

घरी सासूला सांगितलं. ती म्हणाली, "लोट्यात पाणी घे, एक लेंडी कालव, वरचं ओतून दे. बुडाशी काय ऱ्हातं ते बघ." सकाळी करायचं ठरवलं. सकाळी नवा हुकूम आला. इन्स्पेक्शन होईपर्यंत जमिनीवर लीद दिसता कामा नये. पडली की उचलायची. रात्रपाळीला दोन माणसं जास्त दिली.

"लीद दिसली तर माझी दफेदारी गेली न् तुझी टोपली," दफेदार म्हणाला.

तीन दिवस मी पळत होते. पडली की उचल, पडली की उचल. कोणाची कोणती ते कळेना. लोटा तसाच राहिला. हुकूम दफेदाराचा होता, पण मला कळत होतं आणि मी गप्प बसले. ही चूक माझी.

इन्स्पेक्शनच्या दिवशी आठ वाजता जनरलसाहेब येणार होते. पावणेसहाला मला रांगेच्या टोकाला चिमणी दिसली. चिमणी म्हणजे आमच्या रांगेतली सगळ्यात लहान घोडी, दख्खनी, बदामी रंगाची. तिचा स्वार रामराव, केजकडचा शेतकऱ्याचा मुलगा. तेव्हा घोडं स्वाराचं स्वतःचं असे. घरच्यांनी घोडी घेऊन दिली म्हणून रामराव रिसाल्यात आला होता. हयगयीनं घोडी मेली आणि दुसरी आणता आली नाही तर स्वाराचं नाव कमी होई. दुसरी आणण्यासारखं त्याच्या घरी काही उरलं नव्हतं.

चिमणी पुढच्या पायानं वाळू उकरत होती. मान वळवून कुशीकडे बघत होती. मग खाली बसली, उठली, पुन्हा बसली. अंगाला घाम. थंडीचे दिवस, आणि घाम.

मी रामरावाला हाक मारली. तो दाढी अर्धी करून पळत आला. सलोत्री आला. त्यानं पोटाला कान लावला.

"लीद कधी टाकली हिनं?"

रामरावानं माझ्याकडं बघितलं. मी रात्रपाळीच्या दोघांकडं बघितलं. ते एकमेकांकडं बघत राहिले. जागा लखलखीत होती. काल टाकली म्हणून साफ, की टाकलीच नाही म्हणून साफ, कोणालाच सांगता येईना.

"अरे, कोणीतरी सांगा बे!" सलोत्री ओरडला.



मी शेजारच्या घोड्याची ताजी लीद घेतली, लोट्यात कालवली, वरचं पाणी ओतून दिलं. बुडाशी दोन बोटं वाळू. सलोत्रीला दाखवली. त्यानं लोटा दफेदाराच्या नाकासमोर धरला. दफेदारानं आत बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

सहा वाजून गेले होते. सलोत्रीनं जवसाचं तेल मागवलं आणि बांबूच्या नळ्यानं पाजलं. मग म्हणाला, मागून हात घालून साफ करावं लागेल आणि साबणाचं पाणी द्यावं लागेल. त्यानं स्वतःचा हात बघितला. पैलवानाचा हात. घोडी लहान.

"हात बारीक कोणाचा हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"घालते," मी म्हणाले. "पण जागेवरून हलवा हिला. इथं वाळू उडतीय."

दफेदारानं घोडी गवताच्या गंजीमागं न्यायला सांगितली. त्याला ती साहेबांच्या नजरेआड हवी होती. मला वाळू नसलेली जागा हवी होती. भांडण झालं नाही.

मी बांगड्या काढून कमरेला खोचल्या, हाताला कोपराच्या वरपर्यंत तेल लावलं. रामराव तोंडाशी उभा राहिला. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगते, आत गरम असतं आणि घोडी कळ देते तेव्हा हात मोडतो की काय असं वाटतं. सुकलेली लेंडी एकेक काढायची. नख लागू द्यायचं नाही. मग साबणाचं पाणी. मग घोडी चालवायची. मग पुन्हा हात. असं चार वेळा झालं. रामराव रडत होता आणि रडत नसल्यासारखा घोडीला शिव्या देत होता.

"ऊठ की भवाने. बसतीस कावून? ऊठ."

"तिला बोलू नको," मी म्हणाले. "मला बोल. मी बघितलं न्हाई."

"तुमाला काय बोलू अक्का. धरा नीट."

आठ वाजता बिगुल झाला. इन्स्पेक्शनच्या वेळी आमच्यासारख्यांनी भिंतीमागं बसायचं, साहेबांना दिसायचं नाही, असा नियम होता. मी गंजीमागं होते म्हणजे नियमात होते. पण जनरलसाहेबाला गवत बघायची हौस निघाली. तो रांग सोडून गंजीकडं आला. मागं कमांडंट, त्यामागं अॅडजुटंट, त्यामागं दफेदार शेख मेहबूब. गंजीला वळसा घातला तर समोर घोडी, अर्धी दाढी केलेला स्वार आणि कोपरापर्यंत आत हात घातलेली मी.

रामरावानं सॅल्यूट केला. मला करता येईना.

जनरलसाहेबानं कमांडंटकडं बघितलं. कमांडंटनं दफेदाराकडं.

"ये क्या है, दफेदार?"

दफेदाराला सांगता आलं असतं की बाईनं लिदीकडं लक्ष दिलं नाही. खरंच होतं. स्वारानं घोडी बघितली नाही, असंही सांगता आलं असतं. ते खोटं म्हणून कोणी पकडलं नसतं. त्यानं टाच जुळवली.

"साब, घोडी ने रेत खाई है. पूरी लाइन ने खाई है. रेत मैंने डलवाई. लीद उठाने का हुक्म भी मेरा था. ये औरत ने चार रोज पहले बोला था."

तेवढ्यात चिमणीनं जोर केला. माझा हात बाहेर आला आणि पाठोपाठ सगळं आलं. लीद, तेल, साबणाचं पाणी, वाळू. माझ्या लुगड्यावर, पोटावर, पायांवर. जनरलसाहेबाच्या बुटांवर थोडं उडालं. घोडीनं लांब फुर्र केलं आणि गंजीतलं गवत ओढायला तोंड पुढं केलं.

सलोत्री एवढा मोठा माणूस, उड्या मारायला लागला. "आया, आया!"

जनरलसाहेब वाकला आणि हातातल्या छडीनं ढीग उकरला. छडीच्या टोकाला वाळू कचकचली. तो कमांडंटला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. नंतर कमांडंटनं आम्हाला हिंदुस्थानीत सांगितलं की दुपारपर्यंत सगळी वाळू काढा आणि त्या बाईला नवं लुगडं द्या. वाळू दुपारपर्यंत निघाली. लुगडं दिवाळीला मिळालं.

चिमणीला दोन दिवस आणखी तेल दिलं, नुसतं चालवलं. तिसऱ्या दिवशी तिची लीद बघून मी सलोत्रीला सांगितलं, "रुजू." बाकीची एकोणीसही वाचली. दफेदार त्या वर्षी जमादार झाला नाही, पुढच्याही नाही. पण त्यानं स्वतः हुकूम काढला की पहाटे त्यानं आणि मी रांग बघितल्याशिवाय ढीग उचलायचा नाही. रोज पाच वाजता कंदील घेऊन यायचा. आधी लांबून बघायचा. महिन्याभरात उकिडवा बसून काडीनं फोडायला लागला. पुढं पुढं माझ्याशी वाद घालायचा.

"ही कोरडी हाय."

"कोरडी न्हाई, रात्रीची हाय."

"तू लई शहाणी."

"तुमी शिकताय हळूहळू."

ती माझी चांगली वर्षं. काम घाणीचं, पण सकाळी नऊला रांग झाडून झाली आणि वीस घोडी दाणा चावू लागली की तो आवाज ऐकत मी भाकरी खात असे. त्याच्याहून मोठं सुख मला मागायचं नव्हतं.

मग लाम लागला, मोठी लढाई. रिसाला दूरच्या मुलखात लढाईला गेला. आमच्या रांगेतले वीस घोडे आणि वीस स्वार एका दिवसात गेले. मी शेवटचे ढीग बघितले आणि उचलले. त्या दिवसापासून रांगेला काम नव्हतं.

रामराव परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. आधी गावी न जाता छावणीत आला. मी ओसरीवर ज्वारी पाखडत होते.

"चिमणी?" मी विचारलं.

"तिकडंच ऱ्हायली. लाम संपल्यावर साहेबांनी घोडी विकली. एका गोऱ्या शेतकऱ्यानं नेली. म्हातारा होता, तिच्या कानाशी बोलत गेला."

"तब्येत?"

"बरी हुती, अक्का."

"लीद?"

तो हसला. मीही हसले. मग त्यानं आमच्या रांगेतले जे मारले गेले त्यांची नावं सांगितली. लक्ष्मण. बाबूमियां. धोंडिबा. केरबा. प्रत्येक नावाला मी कोणता घोडा तो आठवून बघितला. सगळ्यात शेवटी दफेदार शेख मेहबूब.

रामराव म्हणाला, दफेदार लढाईत धावून जाताना पडला नाही. पहाटेची वेळ होती, चिखल होता, तोफेचा गोळा लांबून आला. तो घोड्यांच्या रांगेत होता. एका घोड्यामागं उकिडवा बसून लीद बघत होता.

त्याच्या बायकोला सरकारी कागद आला. त्यात मैदानात कामी आले एवढंच लिहिलेलं. ती कागद घेऊन माझ्याकडं आली, कारण रामराव भेटून गेला हे तिनं ऐकलं होतं. लोक तिला सांगत होते की तलवार हातात होती, घोड्यावर होते. तिनं मला विचारलं. मी खोटं बोलत नाही. जसं ऐकलं तसं सांगितलं.

ती उंबऱ्यावर बसली. मी पाणी दिलं, ते प्याली. मग पदर सावरून उठली.

"म्हणजे ड्युटीवर होते," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "ड्युटीवर होते."