कमलबाईचा ग्रुप आणि माझा अंगठा

दोन हजार तेवीस साल, मार्गशीर्ष महिना. कापसाची दुसरी वेचणी चालू होती आणि तुरीच्या शेंगा भरत होत्या. मी शुगरवाल्यांच्या ग्रुपमध्ये गेलो तो तेव्हा.

चार म्हातारे एका फोनात भरले की किस्से साठतातच. पारावर बसलेला माणूस संध्याकाळी उठून घरी जातो. ग्रुपमधून कोणी उठतच नाही!

मी आदिलाबादजवळच्या बेला गावाकडचा. वय चौऱ्याहत्तर. शाळा दुसरीपर्यंत. वाचतो, पण सावकाश. सही करतो. आजवर कुठल्याही कागदावर हाताचा अंगठा दिला नाही. म्हणून आदिलाबादच्या डॉक्टरने पायाचा मागितला तेव्हा डोकं फिरलं.

झालं असं, की शेतात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट उजव्या पायाच्या अंगठ्यात घुसला आणि मला कळलंच नाही. सुनेला अंथरुणावर रक्त दिसलं. डॉक्टर म्हणाले, शुगरने पाय बधिर झाला आहे. संक्रांत झाली की दहा-बारा दिवसांनी दाखवा. जखम भरत आली तर ठीक, नाहीतर अंगठा काढावा लागेल.

मी म्हटलं, "पयले तुमचा काढून पाहा. कसं वाटते ते सांगा, मंग माझा काढू."

सुनेने डॉक्टरांची माफी मागितली. मी मागितली नाही. घरी येऊन तिनेच मला कमलबाईच्या ग्रुपमध्ये घातलं.

कमलबाई आदिलाबादला नर्स होती, आता रिटायर. नवरा नाही, मुलं हैदराबादला. तिला स्वतःला बारा वर्षांपासून शुगर. आजूबाजूच्या नऊ गावांतले शुगरवाले तिने फोनात गोळा केले होते. नियम दोनच. सकाळी चहाच्या आधी बोट टोचून मशीनवरच्या आकड्याचा फोटो टाकायचा आणि रोज आपले तळपाय पाहायचे. माझ्यासाठी तिसरा नियम केला. दर संध्याकाळी अंगठ्याचा फोटो.

पहिल्याच दिवशी तिचा आवाज आला. "काकाजी, ह्या ग्रुपमदी देवाचे फोटो टाकाचे नाही, फुलं टाकाची नाही. आकडा टाका अन् गप बसा."

बाई मला आवडली. तसं तिला सांगितलं नाही.

*

गुडीहत्नूरचा राजन्ना बसवर कंडक्टर होता. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. त्याचा आकडा रोज सकाळी एकशे चार. माझा दोनशे ऐंशी, कधी तीनशे. राजन्ना मला शिकवू लागला.

"काकाजी, कंट्रोल पायजे, कंट्रोल! साठ प्यासेंजर मी एका शिट्टीत गप करत होतो. शुगर काय चीज हाय?"

नऊ दिवस हे ऐकलं. माझा अंगठा काळा पडत होता आणि हा माणूस शिट्टी सांगत होता.

दहाव्या दिवशी कमलबाई बोलली. "राजन्ना, तुमच्या मशीनजवळ माशी बसली हाय."

"हो बाई. घरात गूळ हाय ना, माशा येतात."

"नऊ दिवस झाले, ती एकाच जागी बसून राह्यली. तुमची शुगर राहू द्या. तिची तपासा!"

एक दिवस चांगला आकडा आला होता. राजन्नाने त्याचा फोटो काढून ठेवला होता आणि रोज तोच पाठवत होता.

अर्ध्या तासाने खरा फोटो आला. तीनशे बारा. खाली त्याचा आवाज, एकदम बारीक. "बाई, माशी उडाली."

*

आमच्यात कुलकर्णी सर आहेत. आदिलाबादच्या बँकेतून रिटायर झाले. त्यांचे आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि राहिले. बोलणं पुस्तकासारखं. भाकरीलाही "ज्वारीची पोळी" म्हणाले होते एकदा. मी सोडून दिलं.

आमच्या गावात एकाची तेरवी होती. बँकेतली ओळख म्हणून सर आले. आम्ही दोघं पंगतीत शेजारी बसलो. कमलबाईला ते कळलं कसं, देव जाणे. तिने सरांना व्हिडिओ कॉल लावला.

"सर, काकाजीचं पान दाखवा."

सरांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. तेवढ्यात वाढपी बुंदीची बादली घेऊन आला. मी गप बसलो होतो. बुंदी पानात पडणार, इतक्यात तांब्यातून बाई ओरडली, "काकाजी, हात आडवा करा! अंगठा पायजे का बुंदी?"

वाढप्याने तांब्याकडे पाहिलं. माणूस सरळ. त्याने एक पत्रावळ आणून फोनच्या पुढे मांडली. "बाई, तुमी बी बसल्या काय? घ्या."

"मले नको रे बाबा. मले बी शुगर हाय."

मी हात आडवा केला. सरांनी केला. मग आमच्या पलीकडच्या माणसाने केला. त्याच्या पलीकडच्याने केला. मी मोजले. एका ओळीत सात हात! दोन वर्षं मी समजत होतो की गावात शुगर मला एकट्यालाच आहे. कोणाला कळू नये म्हणून लग्नाकार्यात लाडू खिशात घालून आणत होतो.

घरधनी धावत आला. "काय झालं? बुंदीले वास येऊन राह्यला काय?"

सर उठून उभे राहिले. "बुंदी उत्तम आहे," म्हणाले. "ही ओळ नासलेली आहे."

*

मग सरांनी पावलांची शर्यत काढली. फोन खिशात ठेवायचा, तो पावलं मोजतो. ज्याची जास्त तो पहिला. मला माफी होती, कारण चालायचं नव्हतं. तरी सुनेने माझ्या फोनात ते चालू करून दिलं. तिला हौस.

एक दिवस माझी अंगात घालायची बंडी घरी दिसेना. संध्याकाळी सापडली. सालदार गड्याने कापूस आदिलाबादच्या बाजारात नेला, तेव्हा ती बैलगाडीच्या जुवावर लटकून गेली होती. फोन बंडीच्या खिशात. जाताना धक्के, येताना धक्के.

ग्रुपमध्ये पाहतो तर मी पहिला. बावीस हजार पावलं! सर साडेसात हजारांवर.

सरांनी लिहिलं, "काका, ह्या पायाने? अभिनंदन करू की डॉक्टरांना कळवू?"

कमलबाईने लिहिलं नाही, फोनच केला. "काकाजी, अक्कल हाय का तुमाले? अंगठा दोन आण्याचा राह्यला अन् तुमी बावीस हजार पावलं चालता?"

"मी नाही चाललो. बैल चालला."

"कोणता बैल?"

मी म्हटलं, "त्याचं नाव लिहून घे. त्याले शुगर नाही."

सरांनी नियमाला धरून मला बाद केलं. बैलाला पहिला नंबर दिला.

*

आता संक्रांत. जखम थोडी लाल दिसू लागली होती. कमलबाई म्हणाली होती, लाल म्हणजे चांगलं, काळं वाईट. मीही आशेला लागलो होतो.

अंगठ्याचा फोटो पाठवायला मी नाव वाचत बसत नसे. सगळ्यात वर जो ग्रुप असतो तो आपला. दिवसभर दुसरं बोलतंय कोण माझ्याशी? पण संक्रांतीला सगळं जग तिळगूळ वाटतं. त्यात सुनेच्या माहेरचा ग्रुप वर आला. माझे व्याही, त्यांचे भाऊ, पोरं, जावई, सगळे त्यात. व्याह्यांनी तिळाच्या लाडवांचं ताट पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, "गोड बोला."

त्याखाली माझा अंगठा गेला.

पटापट उत्तरं आली. हात जोडलेले. "नमस्कार मामाजी." "पाया पडतो मामाजी." मला वाटलं, आज कमलबाईचा ग्रुप भलताच सुधारला. ती नेहमी म्हणायची, एका फोटोत दिसत नाही, खालून पण पाठवा. म्हणून मी खालूनही पाठवला. तळपाय.

मग व्याह्यांचा आवाज आला. "पावणे, आमी मुलगी दिली हे कबूल हाय. पण सणाच्या दिवशी आमाले लाथ काऊन दाखवता?"

सून चुलीपुढून उठून आली. "मामाजी! काय केलं हे?"

व्याह्यांना तिने समजावलं. पण सुनेकडून हे कमलबाईच्या ग्रुपमध्ये पोचलं, आणि तिथे सगळे हसले. कमलबाईने पूर्ण एक मिनिट नुसतं हसणं भरून पाठवलं. मी शेवटपर्यंत ऐकलं.

मग ग्रुप सोडला. सोडता येत नव्हता, म्हणून सुनेला सोडून द्यायला लावलं.

मशीन फडताळात ठेवलं. फोटो बंद. पट्टी सोडली नाही, कोणाला सोडू दिली नाही. सून रडली. मी म्हटलं, "माझा अंगठा हाय."

*

चौथ्या दिवशी सकाळी कमलबाई दारात. हातात पिशवी, पायाला धूळ.

"काकाजी, पाय."

"तू कायले आली?"

"पाय म्हटलं."

ती ओसरीवर खाली बसली आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला. माझ्या पायाला आजवर बायकोशिवाय कोण्या बाईचा हात लागला नव्हता. पट्टी चिकटली होती, वास येत होता. बाईने नाक मुरडलं नाही. पाणी ओतत गेली, हळूहळू सोडवत गेली. आतला रंग पाहून पिशवीतून औषध काढलं.

मग म्हणाली, "माझ्यावर रुसले ते ठीक. ह्या बिचाऱ्या अंगठ्यानं तुमचं काय केलं?"

त्यानंतर ती आठ दिवस रोज आली. बस फाट्यावर सोडायची. तिथून पांदणीने, बाभळींच्या मधून, अर्ध्या तासाची वाट. यायची, पट्टी बदलायची, बिनसाखरेचा चहा प्यायची, जायची. राजन्नाचे किस्से सांगायची. राजन्नाने आता घरातला गूळ शेजाऱ्याकडे ठेवला आहे आणि रोज शेजाऱ्याकडे जातो, असं तिच्याकडूनच कळलं.

आठव्या दिवशी मी ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. तिने मागे सरकवलं.

मी म्हटलं, "मी कोणाचं देणं ठेवत नाही."

"आता ठेवा काही दिवस," ती म्हणाली. "सवय नाही तुमाले. होऊन जाईल."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

दाखवायचा दिवस आला. आदिलाबादच्या दवाखान्यात मी, सून, कमलबाई, सर आणि राजन्ना. एका अंगठ्यासाठी पाच माणसं! दारात चपला काढून आत गेलो.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. दाबलं, वास घेतला, चष्मा वर करून पाहिलं. मी छताकडे पाहत होतो. छताला पंखा होता, तो फिरत नव्हता.

"राहिला," डॉक्टर म्हणाले. "काढायची गरज नाही."

राजन्नाने तोंडात दोन बोटं घालून डबल शिट्टी मारली. बस सोडायची शिट्टी! बाहेरच्या बाकावरचे चार पेशंट उभे राहिले. नर्सने त्याला बाहेर काढलं.

नवी पट्टी बांधून आम्ही सगळे व्हरांड्यात आलो. फरशी पांढरी. सर थांबले. "काका, रक्त येतंय तुमचं."

फरशीवर लाल ठिपके होते. चपला ठेवल्या तिथपासून डॉक्टरांच्या दारापर्यंत आणि दारापासून आमच्यापर्यंत. मी पट्टी पाहिली. कोरडी. राजन्नाने एका पायावर उभं राहून दुसरा पाय पाहिला, मग तो बदलला. सरांनी भिंत धरून पाहिले. सुनेने पाहिले. सगळे कोरडे.

कमलबाई उजेडात उभी राहून माझ्या गोळ्यांची चिठ्ठी वाचत होती.

"बाई, बाकावर बस."

"काऊन?"

"बस म्हटलं."

ती बसली. मी तिच्यापुढे फरशीवर बसलो. गुडघे वाजले.

"पाय."

"काकाजी, उठा. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. पाय म्हटलं."

मी तिचा पाय मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा होता, आतल्या आत मोडलेला. भोवती मांस काळंनिळं झालेलं. आजचा नव्हता.

"दुखते?"

"नाही," ती म्हणाली. मग तिने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. नऊ गावांचे पाय पाहणारी बाई!

राजन्ना म्हणाला, "डॉक्टरले बोलावतो."

मी म्हटलं, "डॉक्टरले शेत हाय काय? काटे आमी काढतो."

माझ्या कमरेच्या करदोट्याला काटे काढायचा चिमटा असतो, पन्नास वर्षांपासून. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा धरला आणि सरळ ओढला. बोटाच्या पेराएवढा काटा निघाला. आत जाऊन नर्सला म्हटलं, हिला पट्टी बांध, माझ्याआधी बांधायला हवी होती. तिने येऊन बांधली.

मग काटा कमलबाईच्या तळहातावर ठेवला.

"फिटलं," म्हटलं.

तिने मूठ मिटली.