पाणी प्या गं पोरींनो

तांबोळी बाई वर्गात शिरल्या की आधी हजेरी घ्यायच्या नाहीत. टेबलावर पर्स ठेवायच्या, पिशवीतून तांब्याची मोठी बाटली काढायच्या आणि अख्ख्या वर्गासमोर उभ्या उभ्या चार घोट पाणी प्यायच्या. मग पदरानं ओठ पुसून म्हणायच्या, "हं, आता तुमी. पाणी प्या गं पोरींनो. मी बघतीय."

मुलं लगेच बाटल्या काढून घटाघटा प्यायची. मुली मात्र एकमेकींकडे बघायच्या. बाटलीचं झाकण उघडायच्या, ओठ ओले केल्यासारखं करायच्या आणि झाकण परत लावायच्या. त्यांच्या बाटल्या सकाळी भरून यायच्या आणि संध्याकाळी तशाच भरलेल्या घरी जायच्या. मी मराठी शिकवते. त्या काळात माझा तास शेजारच्याच वर्गावर असायचा, म्हणून हे रोज माझ्या डोळ्यांदेखत घडायचं.

कारण सगळ्या शाळेला ठाऊक होतं. आमची शाळा कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठच्या गावात. शाळेच्या तिन्ही बाजूंना ऊस. अगदीच असह्य झालं तर मुली घोळक्यानं त्यातच जायच्या, सापाला भीत भीत. मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं असं कुणी म्हणू नये. होतं, चांगलं निळ्या टाइल्सचं होतं. दारावर दोन वेण्यांच्या हसऱ्या मुलीचं चित्र रंगवलेलं होतं आणि त्या मुलीच्या बरोबर नाकावर कुलूप लटकत होतं. तपासणीला कुणी साहेब येणार असला की ते उघडायचं, फिनेल टाकायचं, फोटो काढायचे. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली की कुलूप पुन्हा जागेवर. चावी हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये.

का? तर म्हणे मुली घाण करतात. अहो, वापरलं की घाण होतंच, आणि झालं की धुवायचं असतं. फोडणीनं भिंत काळी होते म्हणून कुणी स्वयंपाकघराला कुलूप घालतं का? पण हे हेडसरांना सांगायचं कुणी? त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "साफ कोण करणार? माणूस नाही, पाणी नाही." आणि ऑफिसशेजारी शिक्षकांसाठी जे होतं, तिथं माणूसही होता आणि पाणीही होतं! सांगताना आजही माझं डोकं तडकतं.

तांबोळी बाई सांगलीच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, आवाज मात्र असा की प्रार्थनेला माईक बिघडला तर कुणी काळजी करत नसे. त्यांचे वडील स्टँडजवळ छत्रीखाली बसून कुलपं दुरुस्त करायचे, चाव्या करून द्यायचे. बाईंच्या बोलण्यात अब्बा सतत यायचे. "आमचे अब्बा म्हणायचे, कुलूप कुणासाठी लावलंय ते आधी बघावं. चोरासाठी आसंल तर ठीक हाय. घरच्या माणसासाठी आसंल तर त्या घरात कायतरी सडलंय." अंबाड्यात नेहमी काळ्या पिना खोचलेल्या असायच्या, गरजेपेक्षा बऱ्याच जास्त. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बाई, पिना केसासाठी असत्यात आसं तुमाला कुणी सांगितलं?" मला वाटलं, थट्टा करतायत.

त्या शास्त्र शिकवायच्या. नववीला मूत्रपिंडाचा धडा आला तेव्हा फळ्यावर अशी सुबक आकृती काढली होती की पुसायला जीव होईना. तास संपवून स्टाफरूममध्ये आल्या आणि खडू टेबलावर आपटून म्हणाल्या, "फळ्यावर मूत्रपिंड काढायचं, नावं द्यायला लावायची, मार्क द्यायचे. आणि पोरींना मुतायला जागा न्हाई! कसली शाळा म्हणायची ही?" सगळे पुरुष शिक्षक एकदम वह्या तपासायला लागले.

त्याच वर्गात ऋतुजा होती. पहिल्या बाकावर बसणारी, हुशार, आणि शाळेची धावपटू. एके दिवशी पोटात कळ येऊन ती बाकावरच वाकली. अंग तापलेलं. बाईंनी तिला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवलं, माझ्या पदराला धरून मलाही तिच्यामागे बसायला लावलं आणि कऱ्हाडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "लघवीला जंतुसंसर्ग झालाय. दुसऱ्यांदा झालाय ना? पाणी पीत नाहीस का गं?"

ऋतुजा खाली बघत म्हणाली, "प्यालं की जायला लागतंय."

"मग जायचं."

"कुटं?" पोरीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी आमच्या दोघींकडे बघितलं. 

संध्याकाळी तिचे वडील आले. साधा, सरळ माणूस. हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी लय केलंसा. पण शाळा शिकून पोरगी दवाखान्यात पडणार आसंल, तर नको आमाला ती शाळा. ऱ्हाऊ दे घरी." आणि ऋतुजा खरंच घरी राहिली. पहिल्या बाकावरची जागा रिकामी. हेडसरांनी हजेरीत तिच्यापुढे काट मारली आणि 'पालकांची उदासीनता' असा शेरा लिहिला. उदासीनता! त्या बापाचा चेहरा मी बघितला होता.

दुसऱ्या दिवशी छोट्या सुट्टीत तांबोळी बाई मुलींच्या दाराशी गेल्या. अंबाड्यातली एक पिन काढली, कुलपात घातली, मान तिरकी करून काहीतरी ऐकल्यासारखं केलं, आणि कुलूप उघडलं. "जावा गं." मुलींनी आधी इकडंतिकडं बघितलं आणि मग जी रांग लागली, ती सुट्टी संपेपर्यंत हटली नाही. शिक्षकांकडच्या दोन बादल्या हापशावर भरून आणायची पाळी बाईंनी लावून दिली, धुवायचीही लावून दिली. दोन बादल्यांत सगळं स्वच्छ. हेडसरांना जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते पोरींना एका सुट्टीत जमलं.

आठवडाभर हे चाललं. मग हेडसरांना कळलं आणि त्यांनी बाजारातून पितळेचं भलंमोठं कुलूप आणलं. एवढ्यावर भागलं नाही. शिपाईमामांची खुर्ची उचलून त्या दारासमोर ठेवली. बादल्यांसाठी आम्ही अर्ज दिला होता, तो मंजूर व्हायला दुसरं वर्ष चालू होतं. कुलूप मात्र मागितल्याबरोबर आलं. बाईंना बोलावून हेडसर म्हणाले, "बाई, तुम्ही भावनेच्या भरात वागता. शिस्त म्हणून काही असतं." बाई म्हणाल्या, "सर, शिस्त लावा की. लघवीला कसली लावताय?"

मग स्नेहसंमेलन आलं. मांडव, फ्लेक्स, मुलींच्या शिक्षणावरची घोषणा ठळक अक्षरांत. पाहुणे म्हणून तालुक्यातले एक निवृत्त मोठे अधिकारी. हंगाम चालू होता, म्हणून पाहुण्यांना ताज्या उसाच्या रसाचे ग्लासावर ग्लास. शिपाईमामा खुर्च्या मांडण्यात गुंतलेले, दारासमोर कुणी नव्हतं. बाईंनी सकाळी काय केलं ते मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी रोखलं नसतं, उलट ग्लास मोठे आणले असते.

रसाचा परिणाम व्हायचा तो झाला. पाहुणे हेडसरांच्या कानाशी लागले. हेडसर त्यांना घेऊन लगबगीनं ऑफिसशेजारच्या दाराशी गेले. दाराला कुलूप. जुनं, लोखंडी, तेल पाजून ठेवलेलं. बाईंनी एकदा स्टाफरूममध्ये दाखवलेलं, अब्बांच्या अवजारपेटीतलं; मी ओळखलं.

"हे कुणी लावलं? चावी कुठाय?"

"माझ्याकडं हाय, सर," मागून बाई म्हणाल्या.

"मग द्या की!"

"नगं सर. पाहुणे घाण करतील. साफ कोण करणार? माणूस न्हाई, पाणी न्हाई."

मी हातात ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होते. तो पडला नाही हे नशीब. हेडसरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "तांबोळी बाई, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"चेष्टा कशाची? तुमचंच वाक्य हाय. आमी रोज ऐकतोय."

हेडसरांनी पलीकडे मुलींच्या दाराकडे बघितलं. पितळी कुलूप तिथं नव्हतं. दार उघडं, आणि समोर नाचाच्या पोशाखातल्या पोरींची ही लांब रांग. पाहुण्यांनीही बघितलं. त्या रांगेत घुसणं काही त्यांना शोभलं नसतं, आणि मुलांची मुतारी म्हणजे मांडवासमोरची उघडी भिंत. बाई अगदी अदबीनं म्हणाल्या, "मागं उसात जावा साहेब. आमच्या पोरी वर्षभर तिथंच जात्यात. फक्त खाली बघून पाय टाका, जनावर असतंय."

आणि साहेब गेले. बूट सांभाळत, पाचोळा तुडवत गेले आणि बाहीला उसाचं पातं चिकटवून परत आले.

आता मला सांगा, माणसाला काही उमजायला हवं होतं की नको? मला वाटलं, आता हे माईकसमोर उभे राहतील आणि हेडसरांना चार शब्द सुनावतील. कसलं काय! बाहीवरचं पातं झटकलं आणि मुलींनी शिकलं पाहिजे, गगनाला गवसणी घातली पाहिजे यावर लांबलचक भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. 

त्याच संध्याकाळी तांबोळी बाई ऋतुजाच्या घरी गेल्या. पर्समधून पितळी कुलूप काढून तिच्या वडिलांसमोर चटईवर ठेवलं. "हे बघा. दाराचं कुलूप माझ्याकडं हाय. आता धाडा पोरीला."

त्यांनी कुलूप हातात घेऊन जोखलं. "धाडतो बाई. पन परत कुलूप लागलं, तर पोरगी घरी. हे माजं शेवटचं."

ऋतुजा परत आली. पहिल्या बाकावर बसली, आणि बाईंनी सांगायच्या आधी बाटली काढून पाणी प्याली.

बाई शाळेत होत्या तोवर हेडसरांनी त्या दाराला पुन्हा हात लावला नाही, पण संस्थेकडून खुलासा मागवणारा कागद यायला वेळ लागला नाही. 'पाहुण्यांची गैरसोय केल्याबद्दल'. गैरसोय शब्द वाचून मी कागद फाडणारच होते, बाईंनी हातातून काढून घेतला. त्यांनी एका ओळीत खुलासा लिहिला: 'गैरसोय रोजच होते, त्या दिवशी ती पाहुण्यांची झाली, एवढाच फरक.' मग व्हायचं तेच झालं. संस्थेच्या पाटणकडच्या डोंगरातल्या शाखेत बदली. भर वर्षात, पोरींचा अभ्यासक्रम अर्ध्यावर असताना.

निरोपसमारंभ करायचा नाही असं वरून ठरलं. नारळ नाही, शाल नाही. बाईंना त्याचं काही नव्हतं. "शाल घेऊन काय करू? पाटणला थंडी हाय, पण एवढी न्हाई." फक्त शेवटच्या दिवशी हेडसरांकडून नववीच्या मुलींसाठी एक जादा तास मागून घेतला. मुलांना मैदानावर सोडलं, दार लावून घेतलं. मला वाटलं, धडा संपवतायत. आतून एकदा खिदळण्याचा आवाज आला, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा खिदळणं. बाहेर आल्या तेव्हा बाईंचा अंबाडा सुटायला आला होता. एकही पिन राहिली नव्हती. "कुटं पडल्या कुणास ठाऊक," म्हणाल्या, आणि स्कूटरला किक मारली.

बाई गेल्या आणि त्याच दुपारी दारावरच्या हसऱ्या मुलीच्या नाकावर नवं कुलूप आलं. मी तडक हेडसरांच्या केबिनमध्ये गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. ते म्हणाले, "बाई, पाटणला अजून एक जागा रिकामी आहे." मी घरी येऊन बाईंना फोन लावला. मला रडू फुटत होतं. "लावलं हो परत. उद्या ऋतुजाचा बाप तिला घरी बसवेल."

 बाईंनी विचारलं, "कसलं हाय कुलूप?"

"स्टीलचं. बारकं."

"मग बरं झालं," बाई म्हणाल्या. "इथं आमच्यात तर दारच न्हाई, बाई. आता दारापास्नं सुरुवात." आणि हसल्या. त्या कशाला हसल्या ते मला कळेना. खरं सांगते, त्यांचासुद्धा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी छोट्या सुट्टीची घंटा झाली. मी व्हरांड्यात उभी होते. हेडसर केबिनच्या दारात होते. त्यांचं लक्ष पलीकडे गेलं आणि ते ओरडतच निघाले. कुलूप उघडं होऊन कडीला लोंबत होतं आणि दारासमोर रांग होती.

"कुणी उघडलं हे? मामा!"

"मी घंटा द्यायला गेलतो सायेब," शिपाईमामा आभाळाकडं बघत म्हणाले.

"कुणी उघडलं, विचारतोय मी!"

 मी रांगेवरून नजर फिरवली आणि मग दिसलं. नववीच्या एकूण एक पोरीच्या वेणीत, रिबिनीच्या वर, एकेक काळी पिन खोचलेली होती. बाईंनी त्या जादा तासाला काय शिकवलं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि माझा हात आपोआप तोंडावर गेला.

हेडसरांनी त्यानंतर आणखी कुलपं आणून बघितली. आज लावलं की उद्या उघडं. शेवटी लावायचं सोडून दिलं. लाज वाटली म्हणून नव्हे, परवडेना म्हणून. बादल्या आम्ही बायकांनी आणल्या. तो अर्ज अजून मंजूर झालेला नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. हेडसर रांगेसमोर थयथयाट करत उभे होते, तेव्हा रांगेत सगळ्यांत पुढे ऋतुजा होती. तिनं त्यांच्याकडे बघत काखेतली बाटली काढली, झाकण उघडलं, आणि त्यांच्यासमोर अख्खी बाटली रिकामी केली. मग पदर नव्हता म्हणून ओढणीनं ओठ पुसले आणि आत गेली.