न कळण्याची नोकरी

जगात बहुतेकांना पगार मिळतो तो काहीतरी कळतं म्हणून. या बाईंना मिळायचा तो कळत नाही म्हणून. आणि इतक्या इमानदारीत न कळून घेणारं माणूस शोधूनही सापडायचं नाही!

डोळ्यांच्या इस्पितळात संशोधन चाललं होतं. बुबुळावर फूल पडून ज्यांची नजर गढूळ झालेली, त्यांच्यातल्या निम्म्यांना नवं औषध आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, दोन्ही अगदी सारख्या बाटल्यांतून. कुणाला काय, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तक्त्यावरची अक्षरं वाचून घेणाऱ्या बाईंनाही नाही. मन लबाड असतं हो. औषधवाल्याला जास्त दिसतंय असं उगाच वाटायला लागतं.

बाईंनी हे फारच मनावर घेतलं. बाटल्यांची खोली नको म्हणून त्या मागच्या जिन्याने चढायच्या. डबा खाताना कुणी रुग्णांबद्दल तोंड उघडलं की यांचे हात कानांवर. इस्पितळात त्यांचं नावच पडलं 'सांगू नका'. घरीही फर्मान काढलं, डोळ्यांचा विषय वर्ज्य. शेजारचं कुणी संशोधनात असलं आणि चुकून कळलं तर? नवरा लेथवर काम करणारा, मुळात अबोल. लोखंडाचा तापलेला कीस उडून त्याची दोन्ही बुबुळं गढुळली, तरी उपचारांबद्दल त्याने घरात चकार शब्द काढला नाही.

मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी शिपायाने पुढचा रुग्ण आणून खुर्चीत बसवला, तर तो यांचाच नवरा! बाई नोकरीत माहेरच्या आडनावाने, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नियम मात्र स्पष्ट होता, कर्मचाऱ्यांचे नातेवाईक चालत नाहीत. बाईंनी "हे आमचे" एवढं म्हटलं असतं तरी त्याचे थेंब तिथेच बंद झाले असते, आणि दुसरा इलाज शिल्लक नव्हता.

आली का पंचाईत! बाईंनी मनाची समजूत घातली, की न कळणं हीच आपली नोकरी, तर नवराही न कळो. घसा खाकरून त्यांनी डावा डोळा झाकायला सांगितलं.

"तुम्ही म्हणाल तसं, बाई," नवरा म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने त्यांना अहोजाहो केलं. खोटं कशाला बोला, बाईंना ते आवडलं.

तेव्हापासून तपासणीला दोघं वेगवेगळ्या बसने निघायचे. घरी अळीमिळी गुपचिळी. तो न्हाणीघरात जाऊन थेंब घालायचा आणि बाई नळ मोठा सोडून भांडी घासायच्या, झाकण उघडल्याचा आवाजसुद्धा कानी पडू नये म्हणून. जिवाला घोर एकच: ते नुसतं पाणी असलं तर? माणूस आंधळा होईल आणि आपण भांडी घासत बसू.

शेवटच्या तपासणीला मोठे डॉक्टर स्वतः येऊन उभे राहिले. नवऱ्याने वरची ओळ वाचली, मधल्या वाचल्या आणि तळाची बारीकही वाचली, न अडखळता. बाईंनी कागदावर आकडा टिपला. आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणार कुठल्या नात्याने?

तक्ता सोडून आजूबाजूचं काय दिसतं, असं डॉक्टरांनी विचारलं. त्याने मान वळवली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"या बाई किती थकल्यात हो," तो म्हणाला. "यांच्या घरी विचारणारं कुणी नाही का?"

डॉक्टर कानकोंडे झाले. असं खासगी बोलायचं नसतं, असं काहीतरी पुटपुटले.

"आहेत ना," बाई म्हणाल्या. "पण त्यांना दिसत नव्हतं." आणि त्यांनी शिपायाला पुढचा रुग्ण आत आणायला सांगितलं.