दंडातली काडी काढल्यानंतर

सुनेच्या दंडातली काडी काढली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. आमचं घर कसबा बावड्यात. थोडा ऊस, दारात म्हशी, लेक साखर कारखान्यात कामाला. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. दवाखान्यातलं बोलणं मला नीट कळतं, फक्त माझ्याशी सरळ बोलावं लागतं.

नातीच्या वेळी बाळंतपणात सून जाता जाता वाचली. रक्त थांबेना. तिचे ओठ चुन्यासारखे पांढरे पडले होते. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी लेकाला आणि मला समोर उभं करून सांगितलं, "तीन वर्षं दुसरं मूल नको. परत असं झालं तर मी वाचवू शकेन असं नाही." म्हणून तिनं ती काडी बसवून घेतली. काडेपेटीतल्या काडीएवढी, मऊ, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली. वरून बोटाला लागायची. ती असेपर्यंत दिवस जाण्याची काळजी नाही, असं सांगितलं होतं.

ती काळजी नव्हती, पण दुसरीच मागं लागली. तिला रोज थोडं थोडं लाल अंगावर जायला लागलं. दवाखान्यात म्हणाले, काहीजणींना असं होतं, धोका नाही. धोका नसेल, पण आमच्या घरात शिवाशिव पाळतात. माझ्या थोरल्या जाऊबाई पाळतात; त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो आणि घर त्यांच्या वळणानं चालतं. अडचण असलेल्या बाईनं देवापाशी जायचं नाही, दुधाला हात लावायचा नाही. आमच्या वेळी ते महिन्यातले चार दिवस असायचे. सुनेचे दिवस संपायचेच नाहीत. नागपंचमीला सगळ्या बायका वारुळाला गेल्या आणि ही गोठ्याच्या दारात लेक कडेवर घेऊन उभी राहिली. संध्याकाळी मला म्हणाली, "आत्याबाई, ही काडी मी काढून टाकणार."

"काढ की. दंड तुझा हाय."

काढायला फार वेळ लागला नाही. सुई देऊन दंड बधिर केला, लहानशी चीर दिली आणि काडी चिमट्यानं ओढून घेतली. टाका घातला नाही. चिकटपट्ट्या लावून वरून घट्ट बांधलं. मग नर्सबाईंनी सगळं सांगितलं. वरची पट्टी उद्या सोडायची. आतल्या पट्ट्या ओढायच्या नाहीत, त्या आपोआप सुटतील. जखम कोरडी ठेवायची, त्या हातानं काही दिवस जड उचलायचं नाही. दंड काळानिळा पडेल, त्याला घाबरायचं नाही. सूज वाढली, पू झाला, ताप आला तर लगेच यायचं.

"आणि आजपासूनच दिवस जाऊ शकतात," त्या म्हणाल्या. "पाळी यायची वाट बघत बसू नका. दुसरा उपाय आजपासून."

त्यांनी नवऱ्यासाठी पाकिटं दिली. सून खाली बघायला लागली. पाकिटं मी पिशवीत टाकली.

"मावशी बघा कशा घेतात. तुम्ही का लाजता?" नर्सबाई म्हणाल्या.

"मला काय करायचंय लाजून? मला थोडंच वापरायची हायेत?" मी म्हटलं. तेव्हा सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दंड आधी जांभळा झाला, मग कडेनं पिवळा. जाऊबाई हळद गरम करून घेऊन आल्या, ती मी लावू दिली नाही. वैरणीचे भारे आणि पाण्याच्या बादल्या माझ्याकडं आल्या. अंगावर जायचं थांबलं. गौरी तिनंच आणल्या, डोक्यावर पदर घेऊन, सगळ्यांच्या पुढं.

पण पाळी आली नाही. नवरात्र आलं, घट बसले, तरी नाही.

जाऊबाई खूश. "देवीनं ऐकलं बघ. ऐन माळंच्या दिवसांत अडचण न्हाय."

मला ते बरं वाटेना. चौथ्या माळेला सकाळी सून परसात उलटी करताना दिसली. मी तिथंच विचारलं, "पाकिटं वापरली का?"

ती तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरायला लागली.

"वापरली का न्हाय?"

"अक्का म्हणल्या, उसाला मारल्यालं औषध एका पावसानं जात न्हाय, मग रक्तातलं कसं जाईल? वरीसभर तरी काय हुत न्हाय म्हणल्या."

"अक्कांनी ऊस बघितलाय. काडी बघितलीया व्हय?"

"उलटी उपासानं झाली असंल, आत्याबाई." असं म्हणताना तिचा हात पोटावर गेला होता. ती घाबरली होती.

लेक कारखान्यातनं आला तसा त्याला दारातच धरला. "डॉक्टरीण तुझ्यासमोर बोलली हुती की. कानात बोळं घातलं हुतंस?" तो तसाच माघारी फिरला आणि औषधाच्या दुकानातून तपासायची पट्टी घेऊन आला. एकच रेघ उठली. म्हणजे नाही. पण दुकानदारानं त्याला सांगितलं होतं, लवकर केली असेल तर दिसत नाही, काही दिवसांनी परत बघा.

मग थांबणं आलं. घटातलं धान्य उगवून वर आलं होतं. एरवी मला ते कोंब बघायला आवडतात. त्या वर्षी पाणी घालायचे आणि तोंड फिरवायचे. सुनेचे ते पांढरे ओठ डोळ्यांपुढून जात नव्हते. नातीला भरवताना वाटायचं, हिला पुढं कोण भरवणार? मी देवीला काही मागितलं नाही. जाऊबाई तिच्याकडं एक मागत होत्या आणि मला त्याच्या उलटं पाहिजे होतं.

सातव्या माळेला सुनेनं कारळ्याच्या फुलांची माळ ओवली, जाऊबाईंच्या हातात दिली आणि न्हाणीत गेली. बाहेर आली ती देवघराच्या उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"आत्याबाई, आली."

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"आता गं बाई!" जाऊबाई म्हणाल्या. "ऐन सातव्या माळंला! ही माळ आता चालायची न्हाय, तिचा हात लागलाय."

मी उठले, त्यांच्या हातातली माळ घेतली आणि घटावर चढवली. "पाळी आली म्हणून पोरगी वाचली, अक्का. हीच माळ चालंल."

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी देवघरात गोमूत्र शिंपडलं. शिंपडू दे म्हटलं. पण एकदा चढवलेली माळ घट उठेपर्यंत उतरवत नाहीत, हे त्यांनीच मला नवी सून असताना शिकवलं होतं. ती माळ बाकीच्या माळांबरोबर दसऱ्यापर्यंत तिथंच वाळली.

दसरा झाल्यावर सुनेनं दिवस जाऊ नयेत म्हणून पिशवीत तांबी बसवून घेतली. या वेळी लेकही बरोबर आला. नर्सबाईंनी तिचा दंड उलटा करून बघितला. तांदळाच्या दाण्याएवढा वण राहिला होता, बाकी काही नाही.