दत्तोपंतांचा पत्रा लहान नव्हता

श्री. दत्तोपंत खांबेटे यांची आणि माझी ओळख माझ्या वडिलांच्या रेकॉर्डप्लेअरमुळे झाली. वडील नुकतेच गेले होते. भवानीपूरच्या घरात मी एकटी उरले होते आणि शाळेतून शिकवून आले की त्यांच्या नाट्यगीतांच्या तबकड्या लावून बसत असे. पण गाण्याच्या मागे सतत एक घरघर येई, आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी सुरू झाली की गाणाऱ्याचा आवाजच खाली बसे. आपल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी दत्तोपंतांचे नाव सुचवले. ते तेव्हा खिदिरपूरच्या गोदीत बिनतारी यंत्रांच्या दुरुस्तीचे काम पाहत. रविवारी सकाळी ते आले. मी तबकडी लावू लागले, तर त्यांनी हातानेच थांबवले.

"गाणं नंतर ऐकू. आधी हे गप्प कसं बसतं ते ऐकू द्या," असे म्हणून ते नुसत्या चालू यंत्राच्या स्पीकरला कान लावून पाच मिनिटे उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हाताने केलेला एक बोर्ड आणून त्यात बसवला. शंट रेग्युलेटर हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. त्यांनी तो मला असा समजावला: आपल्याकडे येणारी वीज कधी जास्त, कधी कमी. हा बोर्ड जास्तीची वीज स्वतःच्या अंगावर घेतो, तापतो, आणि पुढच्या यंत्राला मोजकी, एकसारखी देतो. त्या दिवशी मी वडिलांची आवडती तबकडी लावली, आणि गायिकेने श्वास घेतलेला मला पहिल्यांदा ऐकू आला.

ते काम शिकवाल का, असे मी संकोचत विचारले. चाळिशी उलटून गेलेल्या, कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने हे विचारावे याचे त्यांना जराही नवल वाटले नाही. शनिवारी दुपारी या, एवढेच ते म्हणाले. त्यांच्या खिदिरपूरच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही तिघेचौघे बसत असू. तांब्याचा मुलामा असलेल्या पाटीवर विजेच्या वाटा रेखाटायच्या, मग ती पाटी रसायनात बुडवून उरलेले तांबे खाऊन टाकू द्यायचे. रेखाटायला नखांना लावायचा रंग सर्वांत चांगला, हा दत्तोपंतांचा शोध. त्याच्या बाटल्या ते स्वतः न्यू मार्केटातून आणत. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणत, "पंचवीस वर्षांत मला एक बाटली आणली नाही. या पाटीची मात्र नखं रंगवून देतात." नन्सनी माझ्याकडून घोटून घेतलेले भरतकाम-विणकाम इथे उपयोगी पडले. माझ्या रेघा सरळ येत, आणि दत्तोपंत त्या इतरांना दाखवत.

त्यांचा एक नियम होता, आणि आज मला तोच सांगायचा आहे. या बोर्डाला काम नसले की तो विसावत नाही, उलट सर्वांत जास्त तापतो. कारण पुढे घेणारे कोणी नसल्याने सगळी वीज त्याच्याच अंगावर येते. म्हणून प्रत्येक नवा बोर्ड ते पूर्ण एक दिवस, पुढे काहीही न जोडता, चालू ठेवत. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला ॲल्युमिनियमचा जो पत्रा लावलेला असे, त्यावर संध्याकाळी हात ठेवायचा. दहा अंक मोजेपर्यंत हात ठेवता आला तर बोर्ड पास, नाहीतर पत्रा मोठा करायचा. या कसोटीतून न गेलेला बोर्ड त्यांनी कोणालाही दिला नाही. बजबज गावच्या एका ज्यूट गिरणीतल्या कारकुनाचा रेडिओ त्यांनी असाच दुरुस्त केला. त्या कारकुनाची पत्नी अंथरुणाला खिळलेली होती आणि रेडिओ हीच तिची सोबत होती. बोर्ड रविवारी बसवायचे ठरले होते. आदल्या संध्याकाळी पत्र्यावर हात टिकला नाही, म्हणून दत्तोपंत तो आठवडाभर थांबले आणि तोवर घरचा स्वतःचा रेडिओ लोकलने तिकडे पोचवून आले.

आपल्यापैकी जुन्या मंडळींना कृष्णाताईंच्या गाण्याची संध्याकाळ आठवत असेल. ऐंशीच्या घरातल्या ताई मुलाकडे नागपूरला कायमच्या जाणार होत्या. त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवायचे मंडळाने ठरवले. मायक्रोफोन आणि टेपरेकॉर्डर दोन्ही दत्तोपंतांच्या एका बोर्डावर चालणार होते आणि त्याची देखरेख त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिली होती. आधी इतरांची गाणी झाली, ताईंचे मध्यंतरानंतर होते; मध्यंतरात अध्यक्ष मायक्रोफोनशिवायच बोलत होते आणि त्यांचे भाषण लांबले. बिचारा बोर्ड तासभर राबला आहे, त्याला जरा विसावा द्यावा, असे माझ्या मनात आले. घरी आपण शेगडीवरचे भांडे उतरवतो, तसे मी पुढच्या यंत्रांच्या तारा काढल्या. पंख्याने धूळ उडत होती, म्हणून मी विणलेला निळा रुमाल वर झाकला. मेन स्विच चालूच होता. नियम मला तोंडपाठ होता, आणि तरीही मी हे केले.

जळका वास आला तेव्हा मी रुमाल ओढून पर्समध्ये कोंबला आणि तारा पुन्हा जोडल्या. दत्तोपंत येऊन पोचण्याआधी हे सगळे उरकले होते. पण बोर्ड जळाला होता; ताई मायक्रोफोनशिवाय गायल्या. पहिल्या तीन रांगांनी काय ते ऐकले. टेपवर काहीच उतरले नाही, आणि पुढच्याच वर्षी ताई नागपुरात वारल्या.

त्या कार्यक्रमानंतरच्या मंडळाच्या सभेत दत्तोपंत उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. पत्रा मी लहान लावला." चिटणिसांनी ते इतिवृत्तात लिहून घेतले. पुढच्या वर्षीपासून मंडळ बाहेरून भाड्याने स्पीकर आणू लागले. दत्तोपंत शेवटच्या रांगेत बसत, कोणी काही विचारले नाही तर काही बोलत नसत. त्यांची कसोटी माहीत असलेल्या आम्हा शिष्यांना तरी कळायला हवे होते की त्यांचा पत्रा लहान असूच शकत नाही. मला तर कळतच होते. मी बोलले नाही. लाजेने शनिवारी जाणेही सोडले.

दत्तोपंतांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी लिहाल का, असे पत्र आले तेव्हा मी सॉल्ट लेकला त्यांच्या नव्या घरी गेले आणि सगळे सांगून टाकले. ऐकून घेऊन ते म्हणाले,

"मला त्याच दिवशी कळलं होतं, बाई. पत्र्यावर निळ्या विणीचा तुकडा जळून चिकटला होता. एवढं बारीक विणकाम आपल्यात दुसरं कोण करतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही हे काम टाकलं असतं. हात चांगला होता तुमचा."

आतून वहिनी म्हणाल्या, "आणि टाकलंच की त्यांनी."

मी निघाले तेव्हा दत्तोपंत फाटकापर्यंत सोडायला आले.

हे छापू नका, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. त्यांची एवढी एकच आज्ञा मी मोडते आहे. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की त्या वर्षीच्या इतिवृत्तातली नोंद दुरुस्त करावी आणि दोष माझ्या नावावर लिहावा. त्यांच्या साठीपूर्तीच्या या प्रसंगी त्यांचे डोळे आणि हात असेच स्थिर राहोत, वहिनींची साथ असो, आणि त्यांना भरपूर, निरामय आयुष्य लाभो. माझ्या गप्प राहण्यामुळे जो मान आपण सर्वांनी त्यांना इतकी वर्षे दिला नाही, तो परत करायला एक समारंभ पुरणार नाही. तेवढा वेळ देवाने त्यांना द्यावा, आणि आपल्यालाही.